युरिया हवाय? आधी टॉनिक घ्या!

पाऊस उघडलाय, वापसा आलाय, कपाशीला खताचा डोस द्यायचाय? मग पिकाला काय कमी पडलंय याचा विचार तुम्ही करू नका. तो दुकानदार करतो. शेत न बघता करतो.

माती परीक्षण तर मुळीच नको. २०१५ च्या योजनेतली मृदा आरोग्य पत्रिका घरात असलीच तर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवा.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, असं गोणीवर छापलेलं असतं. छापलेलं सगळं खरं मानायचं नसतं. परवा दुकानातल्या खतविक्रीच्या पॉस मशीनवर अंगठा दिला, तर गोणीच्या आधी काउंटरवर टॉनिकची बाटली आली. लेबलवर नारळाएवढी बोंडं. म्हटलं, हे काय? "लिंकिंग आहे भाऊ, वरूनच येतं." म्हणजे खत हवं तर हेही घ्यायचंच. यात आहे काय? "अमिनो, ह्युमिक, सीवीड, सगळंच. आठ दिवसांत पिकाची हिरवीगार काळोखी बघा!" कुठला घटक किती टक्के, ते लेबलवर सापडेना, किंमत मात्र लांबून दिसत होती. नको म्हटलं, तर युरिया संपला. मागे छतापर्यंत थप्पी, आणि युरिया संपला! शेवटी घेतली, तर बिलात ती अशी ऐटीत बसली होती की जणू मीच हट्ट धरला होता.

आणलीच आहे बाटली, तर पंपात ओता. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे स्फुरदाचं विद्राव्य खत पण त्याच पाण्यात घाला. तळाला पांढरा गाळ बसून नोझल तुंबलं की समजायचं, औषध जोरदार आहे.

झिंक सल्फेट डीएपीत कालवा. झिंक आणि डीएपीतलं स्फुरद, दोघंही एकमेकांत अडकून पडतील, पिकाला मिळायचे नाहीत.

सोयाबीन पिवळं पडलं की युरियाच फेका. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही, फेरस सल्फेट फवारा, असं कृषी विद्यापीठवाले सांगतात. त्यांच्याकडे बाटली नसते, म्हणून सांगतात.

जाऊ दे, दुकानदारांशी सरळच बोलतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांशी माझं वैर नाही. झिंक, लोह, बोरॉन कमी असेल तर द्यायलाच हवं. पण कमी आहे का, हे मातीचा अहवाल सांगेल. तुमच्या गोदामात पडून राहिलेला माल नाही. अनुदानाच्या खतासोबत भलतंच गळ्यात मारायला कायद्यात परवानगी नाही. हे तुम्हाला माहीत आहे, कंपनीला माहीत आहे, तपासणीला येणाऱ्या भरारी पथकालाही माहीत आहे. दर खरिपात पेपरात इशारे छापून येतात आणि दर खरिपात बाटल्या खपतात. लाजा कशा वाटत नाहीत?

आणि रांगेत मागे उभं राहून "घ्या ना राव, चार-पाचशे रुपयांसाठी कशाला वाद" म्हणणारे आपले भाऊबंद! तुमच्याच जिवावर त्यांचं फावतं. त्या बाटलीचे पैसे काय तुमचा सासरा भरतो?