गाडी खाली घेतली की पकड वाढते? त्या फिरत्या मेसेजचा समाचार

गेल्या पावसाळ्यापासून गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो सात जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी सोबत ‘खरं आहे का रे?’ असं विचारलं, म्हणून हा खटाटोप. मेसेजचा सारांश असा: स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन सुधारायचं तर आधी गाडी चाळीस मिलिमीटर खाली घ्या, कारण खाली म्हणजे पकड. स्प्रिंग जमतील तितक्या कडक घाला, कारण गाडी कलते तिथेच वेग जातो. सरळ कॉइलओव्हरच (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) घ्या, आणि ज्याला क्लिक, म्हणजे शॉकअपचा कडकपणा फिरवायचे टप्पे, जास्त तो घ्या. टायर सगळ्यात शेवटी. जोडीला स्ट्रट बार (बॉनेटखाली डाव्या-उजव्या शॉकअपचे माथे जोडणारी दांडी) आणि पॉली बुश (सांध्यांतल्या रबराच्या जागी पॉलियुरेथेन). आणि कायद्याचं मनावर घेऊ नका, इंजिनाला हात लावला नाही की आरटीओ काही बोलत नाही.

यातला बहुतेक भाग निव्वळ थाप नाही, हीच पंचाईत आहे. रेस ट्रॅकवरचं काहीतरी खरं उचललंय आणि ज्या अटीवर ते खरं ठरतं ती अट गाळली आहे. माझी बरीच नोकरी शॉकअप तपासण्यात गेली, त्यामुळे या गाळलेल्या अटींशी जुनी ओळख आहे.

‘जितकी खाली, तितकी पकड.’

आधी यातलं खरं सांगतो. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जाईल हे वळण किती जोरात घेतलं यावर, गाडीच्या वजनावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर ठरतं. समजा १२०० किलोची गाडी आहे, गुरुत्वमध्य ४६ सेंटिमीटरवर आणि चाकांमधलं अंतर १५२ सेंटिमीटर. चांगले टायर सोसतील तेवढ्या जोरात, म्हणजे १ जीने (बाजूला ओढणारा जोर गाडीच्या वजनाइतका) वळवली, तर सुमारे ३६३ किलो भार बाजू बदलतो. हीच गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली तर ३४० किलो. फायदा तेवीस किलोंचा, एखाद्या दुसरीतल्या पोराच्या वजनाइतका. नाही असं नाही.

आता त्याची किंमत. चाक वर जायला जी जागा असते, तिला गॅरेजमध्ये ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला ती मुळातच बेताची असते. समजा बंप स्टॉपला, म्हणजे ट्रॅव्हलच्या टोकाच्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत ८० मिलिमीटर आहे. गाडी ४० ने खाली घेतली की उरले ४०. स्प्रिंग खड्ड्याचा गचका किती पोटात घेते हे दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गावर ठरतं. म्हणजे अर्ध्या जागेत तोच गचका जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारात ‘लोअरिंग स्प्रिंग’ म्हणून जे मिळतं ते मूळच्यापेक्षा साधारण वीस-तीस टक्के कडक असतं. बाकीचा हिशेब कोण चुकता करणार? बंप स्टॉप, आणि तो थकला की शॉकअप, टॉप माउंट, शेवटी तुमचा मणका.

माझ्या एका मित्राकडे दोन सीटची जुनी जर्मन गाडी आहे. चारही कोपऱ्यांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे खाली एक आर्म आणि वर चाकाला धरणारा शॉकअपच. हाच मेसेज वाचून त्याने ४० मिलिमीटरच्या स्प्रिंग बसवून घेतल्या, शॉकअप जुनेच ठेवून. महिन्याभराने म्हणाला, “अरे, गाडी सरळ रस्त्यावर ट्रकसारखी आदळते आणि ओल्या वळणावर मागून अचानक सुटते.” आम्ही एक सोपी गोष्ट केली. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला एक काळी केबल टाय घट्ट बांधली आणि ती खाली सरकवून ठेवली. दांडा आत जातो तशी शॉकअपची टोपी त्या टायला वर ढकलते आणि परतताना तिथेच सोडून जाते. कोथरूडहून ताम्हिणीकडे निघालो. पौडला चहाला थांबलो तेव्हाच ती टाय बंप स्टॉपमध्ये रुतलेली होती. अजून घाट लागायचा होता.

मागून अचानक सुटण्याचं कारणही तेच. वळणावर मागचं बाहेरचं चाक बंप स्टॉपला टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट होतो, मागच्या धुऱ्यावर भाराची अदलाबदल एकदम वाढते आणि टायर हात वर करतो. हेच पुढे झालं तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते.

मॅकफर्सन स्ट्रटचं आणखी एक दुखणं आहे, जे या मेसेजात औषधालाही नाही. गाडी फार खाली घेतली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. मग चाक दाबलं जाताना आत कलण्याऐवजी उलट उभं होत जातं आणि टायर बाहेरच्या काठावर टेकतो. शिवाय गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारा जोर वाढतो. खाली घेतलेली गाडी जास्त कलायला बघते, आणि मालक म्हणतो, अजून कडक स्प्रिंग हव्यात! १९८९ ची माझ्दा एमएक्स-५ चारही बाजूंना डबल विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आर्म) घेऊन आली, तिची ही गत एवढी होत नाही. सल्ला देणाऱ्याने निदान ‘तुझ्या गाडीला कसलं सस्पेन्शन आहे’ एवढं तरी विचारावं.

कारखाना काय करतो ते बघा. फ्रान्सची आल्पिन ए-११० ही जेमतेम ११०० किलोची गाडी मऊ स्प्रिंग आणि बारीक अँटी-रोल बारवर (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं आवरणारी दांडी) उभी केलेली आहे, आणि ट्रॅव्हलच्या टोकाला रबराऐवजी हायड्रॉलिक स्टॉप आहेत. २०१९ साली तिची जास्त आक्रमक ‘एस’ आवृत्ती आली. स्प्रिंग ५० टक्के कडक, अँटी-रोल बार दुप्पट कडक, टायर रुंद. आणि उंची किती कमी केली? ४ मिलिमीटर. चाळीस नाही, चार.

‘जितकी कडक, तितकी वेगवान. कलणं हाच शत्रू.’

वरचा ३६३ किलोंचा हिशेब पुन्हा बघा. त्यात स्प्रिंग कुठे आहे? नाही. स्प्रिंग दगडासारखी केलीत तरी तेवढाच भार बाजू बदलणार. गाडी कलताना दिसते म्हणून आपण कलण्याला दोष देतो. ज्वर आणि थर्मामीटर यांच्यातली ही गल्लत आहे. कलणं आवरलं तर फायदा होतो तो दोन कारणांनी: टायरचा रस्त्याशी कोन बिघडत नाही आणि स्टिअरिंगला गाडी लवकर उत्तर देते. दोन्ही हवंहवंसं, पण रस्ता गुळगुळीत असेल तर. खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंग चाकाला उडवते, आणि हवेतल्या टायरची पकड शून्य असते.

मोजायचं तर एक माप आहे: स्प्रिंगवर बसलेली गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल. साध्या मोटारीत एक ते दीड, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन, पंख नसलेल्या रेस कारमध्ये दोन ते अडीच. त्यापुढचे आकडे हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या गाड्यांचे. एका कोपऱ्यावर ३०० किलो आणि चाकापाशी मिलिमीटरला २५ न्यूटनचा कडकपणा असेल तर हे माप १.४५ येतं. कडकपणा दुप्पट केला तर २.०५. म्हणजे ‘डबल स्टिफ’ स्प्रिंगने तुमची घरची गाडी रेस कारच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली, आणि रस्ता मात्र पौडचाच.

‘माझ्याकडे दहा के-च्या स्प्रिंग आहेत’ असं मिरवणाऱ्यांसाठी एक टीप. के म्हणजे मिलिमीटरला किती किलो. पण स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही, आर्मवर कुठेतरी मधे बसते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटर दाबली गेली, तर चाकापाशी कडकपणा ०.७ चा वर्ग, म्हणजे जवळपास निम्मा उरतो. दहाचे झाले ४.९. स्ट्रटच्या गाडीत हेच प्रमाण एकाच्या जवळ असतं. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं.

कलणं खरंच खुपत असेल तर अँटी-रोल बार बदलून बघा. स्वस्त पडतो, ट्रॅव्हल खात नाही. फक्त तो पुढे जाड केला की गाडी वळायला कुरकुरते, मागे जाड केला की शेपूट हलकं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

‘कॉइलओव्हरच घ्या, क्लिक जास्त तो उत्तम.’

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, बहुधा उंची फिरवता येणारी. वाईट काही नाही. पण बत्तीस क्लिकचा स्वस्त शॉकअप मशीनवर लावला की गंमत दिसते. पहिल्या दहा क्लिकांत आलेखावरची रेघ जागची हलत नाही, शेवटच्या चारांत सगळा फरक, आणि डावा-उजवा एकाच क्लिकवर ठेवले तरी दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटावेत. चांगला शॉकअप क्लिकविना असू शकतो. दांडा किती वेगाने हलला की किती जोर लागतो, हा आलेख खरा. देणारा तो दाखवत नसेल तर क्लिक मोजण्यात अर्थ नाही.

आणि स्प्रिंग बदलली तर शॉकअपलाही विचारावं लागतं. स्प्रिंग दुप्पट कडक झाली की ती तितक्याच लवकर शांत करायला शॉकअपचा जोर १.४ पट लागतो. मित्राच्या गाडीत जुने, दमलेले शॉकअप नव्या कडक स्प्रिंगांना आवरत होते. आवरत कसले, हात जोडत होते.

‘टायर सगळ्यात शेवटी.’

सगळ्या मेसेजात मला सर्वात जास्त चिडवणारं वाक्य हेच. रस्त्याला टेकतो तो टायर, बाकी सगळं त्याच्या सेवेला. टोयोटा जीटी-८६ ही २०१२ ची गाडी घ्या. कंपनीने तिला मुद्दाम २१५ रुंदीचे, आराम आणि काटकसरीकडे झुकलेले मिशलिन प्रायमसी टायर दिले होते, कमी वेगातही गाडी खेळकरपणे घसरावी म्हणून. तिच्यावर निव्वळ चांगले टायर चढवले की जो फरक पडतो, तो त्याच टायरांवर कॉइलओव्हर घालून कधीच पडत नाही. टायरनंतर व्हील अलाइनमेंट, तीही ‘सरळ चालते ना, झालं’ छापाची नव्हे तर कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून दिसणारी चाकाची दिशा) मोजून. मग झिजलेले बुश आणि थकलेले शॉकअप मूळ दर्जाचे नवे. इतकं झाल्यावर पुष्कळांची भूक भागते.

स्ट्रट बारबद्दल थोडक्यात: जुन्या, लवचिक सांगाड्याच्या गाडीत थोडा फरक पडतो, नव्या गाडीत बहुतेक वेळा बॉनेट उघडल्यावर छान दिसतो. पॉली बुश नेमके असतात, पण ग्रीस सुकलं की चर्र-चूं करतात. मूळ रबरी बुश बदललेत तर मेकॅनिकला एकच सांगा: बोल्टची शेवटची आवळणी चाकं जमिनीवर टेकल्यावर. लिफ्टवर लोंबकळत्या चाकांनी आवळले की रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

‘आरटीओ काही बोलत नाही.’

बोलत नसेल. कायदा बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन आणि सस्पेन्शन असा भेद त्यात नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा हा मुद्दा फार जवळचा वाटू लागतो.

शिवाय आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यात गोल उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी असलेला सिमेंटचा दांडगा उंचवटा या नमुन्यातला आहे का, हे टेप घेऊन एकदा बघाच. माझा मित्र तिथे गाडी तिरकी घालायचा, आणि मागचे रिक्षावाले जे म्हणायचे ते इथे लिहिता येत नाही.

त्याने शेवटी मूळच्या स्प्रिंग परत बसवल्या, शॉकअप नवे घेतले, टायर चांगले घातले आणि अलाइनमेंटला अर्धा दिवस दिला. लोअरिंग स्प्रिंग अजून त्याच्या माळ्यावर आहेत, गिऱ्हाईक मिळत नाही. केबल टाय मात्र आम्ही काढली नाही. परवा भर पावसात ताम्हिणीहून परतल्यावर त्याने वाकून बघितलं, तर ती बंप स्टॉपच्या चांगली दोन बोटं खाली होती.