पास महागल्याचा आनंद मला होत नाही

आज सकाळी आमच्या इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एका थीम पार्कचे वार्षिक पास, म्हणजे एकदा पैसे भरून वर्षभर पुन्हा पुन्हा जायचे पास, महागल्याची बातमी आली आणि तिच्याखाली पटापट अंगठे पडले. एकाने लिहिलं, "बरं झालं, फालतू गर्दी कमी होईल." दुसरी म्हणाली, "हे पासवालेच सगळी मजा घालवतात." दिवसभर काम करताना ते डोक्यातून गेलं नाही. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं तर लांबतच गेलं, म्हणून इथे लिहितेय. ज्यांनी ते लिहिलं तेही वाचतील. वाचू देत.

फालतू गर्दी म्हणजे कोण हो? आपणच ना? शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन संध्याकाळी दोन-तीन तास जाणारे, बॅगेत पोळीचा रोल आणि पाण्याच्या बाटल्या नेणारे, एखादी राईड आणि परेड बघून झोपायच्या वेळेला घरी परतणारे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत कुठला ना कुठला पास आहे. डिस्नीलँड, युनिव्हर्सल, नॉट्स, सिक्स फ्लॅग्ज, लेगोलँड, ज्याला जे परवडतं ते.

माझी धाकटी बहीण मिरजेहून सहकुटुंब आली होती तेव्हाचं सांगते. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट हीच राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही शिक्षक. काही वर्षं पैसे बाजूला टाकून ही ट्रिप ठरवली होती. नाताळची सुट्टी आम्हा सगळ्यांना जुळत होती, म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरला. माझा भाचा तेव्हा तिसरीत. एका राईडचे व्हिडिओ त्याने मिरजेत बसून इतके बघितले होते की कुठल्या वळणावर अंधार होतो तेही त्याला पाठ. त्या राईडला उंचीची अट आहे. घरी दाराच्या चौकटीवर आईकडून खुणा करून घेऊन तो वर्षभर वाट बघत होता. रांगेच्या तोंडाशी त्या मोजपट्टीखाली उभा राहिला, माणसाने मान हलवून आत सोडलं, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतं.

मग आम्ही उभे. दोन तासांच्या वर उभे. आमच्या शेजारून एक मोकळी रांग होती, तिच्यातून माणसं चालत येत होती आणि थेट पुढे जात होती. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "मावशी, ती माणसं कुठून आली?"

मी म्हटलं, त्यांनी जास्त पैसे दिलेत. त्यावर तो काही बोलला नाही, आणि मलाही पुढे काही सुचलं नाही.

आणि आपण ग्रुपवर पासवाल्यांवर खापर फोडतोय!

जरा मागचं बघा. १९५५ साली डिस्नीलँड उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला आत यायचं तिकीट एक डॉलर होतं आणि राईडचे पैसे वेगळे. थोड्याच दिवसांत कुपनांची वही आली. साध्या राईडला ए, मोठ्या राईडला पुढची अक्षरं, आणि १९५९ पासून सगळ्यात भारी राईडला ई. वहीत ई कुपनं मोजकीच, त्यामुळे माणसं आपोआप पांगायची, उरलेली कुपनं लहानसहान राईडवर खर्च व्हायची. १९८२ साली वही गेली आणि एकदा पैसे भरा, हव्या तितक्या राईड करा, असं झालं. ऐकायला छान. पण मग जो तो त्याच चार-पाच राईडकडे धावणार हे उघड आहे, आणि पैशाऐवजी वेळ द्यावा लागणार. त्यानंतर वार्षिक पास रुजले. का? बाहेरगावचा माणूस सुट्टीतच येतो. फेब्रुवारीतल्या मंगळवारी पार्क रिकामं राहतं, तरी लाईट, पगार, देखभाल चालूच असते. मग जवळच्या लोकांना स्वस्तात बोलवा, ते येतील, खातील, पोरांना फुगा घेऊन देतील. कॅलिफोर्नियाच्या लोकांना दर महिन्याच्या हप्त्याने पैसे भरायची सोय दिली ती उगाच नाही. त्या रिकाम्या मंगळवारी पार्कला आपण हवे होतो. आपण गेलो. आता तिथे आपली गर्दी होते असं म्हणायचं?

२०१९ चा उन्हाळा आठवतोय ना? मे महिन्याच्या शेवटी डिस्नीलँडमध्ये स्टार वॉर्स सिनेमांवरचा नवा विभाग उघडला. तुफान गर्दी होणार म्हणून स्वस्त पासवाल्यांना उन्हाळाभर बरेच दिवस बंदी होती, त्याआधी भावही वाढले होते. झालं काय, तर त्या उन्हाळ्यात रांगा सगळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी लहान राहिल्या. बाहेरचा माणूस गर्दीला घाबरून आला नाही आणि घरच्याला येऊ दिलं नाही. म्हणजे गर्दी कमी करता येते. कोणाला कधी आत घ्यायचं याची किल्ली पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. मग डिसेंबरच्या त्या आठवड्यात ती किल्ली का फिरवत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

आता मान्य करते, पासवाल्यांतले काही जण खरंच डोक्याला ताप असतात. परेडच्या तीन तास आधी चादरी पसरून बसतात, कोणाला पाय ठेवू देत नाहीत. स्वस्त पास काढून देऊन शाळकरी पोरांना शुक्रवारी रात्री तिथे सोडून जाणारे आईबापही आहेत. नॉट्समध्ये २०२२ च्या जुलैत एवढ्या मारामाऱ्या झाल्या की पार्क लवकर बंद करावं लागलं, आणि मग शुक्रवार-शनिवारी १७ किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवं असा नियम आला. तो नियम बरोबरच होता. पण माझ्या भाच्याच्या पुढे रांगेत घुसले ते हे नव्हते.

माझी खरी तिडीक पुढे आहे.

१९९९ साली डिस्नीने फास्टपास आणला. मशीनमध्ये तिकीट घालायचं, वेळेची चिठ्ठी घ्यायची, त्या वेळेला परत यायचं. फुकट होता. मिरजेचा शिक्षक असो नाहीतर बेव्हर्ली हिल्सचा डॉक्टर, चिठ्ठी तीच. सकाळी लवकर उठणाऱ्याला आणि थोडं डोकं लावणाऱ्याला फायदा. २०२१ मध्ये तो गेला आणि त्याच सोयीचे माणशी, दिवसाचे पैसे घ्यायला सुरुवात झाली. २०२४ मध्ये तर रांग चुकवायचा त्याच्याही वरचा पास निघाला. डिस्नीलँडला तो एका माणसाला एका दिवसाचे ४०० डॉलर होता, आणि आत यायचं तिकीट वेगळं. युनिव्हर्सलचा तसाच एक्सप्रेस पास आहेच. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाने आणि वंडरलानेही जलद रांगेची वेगळी तिकिटं काढली आहेत, तेव्हा हे अमेरिकेपुरतं आहे असं समजू नका.

यात काय होतं ते नीट बघा. एका राईडमध्ये तासाला जेवढी माणसं बसतात तेवढीच बसतात. पुढे जायचा हक्क विकला की तो मागच्याच्या वेळेतून कापला जातो. म्हणजे रांग जितकी लांब, तितका हा पास जास्त खपणार. ज्याच्याकडे रांग कमी करायची ताकद आहे त्यालाच रांगेतून पैसे मिळायला लागले, तर तो कशाला कमी करेल? आधी पास विकून पार्क भरायचं, मग त्या भरलेल्या पार्कातून सुटका विकायची. माझ्या बहिणीने तिकीट, पार्किंग, जेवण धरून चौघांचे हजार डॉलरच्या वर खर्च केले. तिच्या पगाराचे जवळजवळ दोन महिने. ती त्या मोकळ्या रांगेत नव्हती. त्या मुलाने विचारलेला प्रश्न मला अजून टोचतो तो यामुळे.

माझी आई आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत रात्र-रात्र उभी राहिलेली बाई. पाय सुजायचे, पण घरी येऊन तिने कधी रांगेबद्दल तक्रार केली नाही, कारण पुढचा-मागचा सगळा तिच्यासारखाच पायी आलेला. रांग लांब असण्याचं दुःख माणूस सोसतो. शेजारून कोणीतरी चालत पुढे जाताना बघण्याचं सोसवत नाही.

आणि पासवाल्यांची तरी कुठे चैन आहे? महामारीत डिस्नीलँड वर्षभराहून जास्त बंद राहिलं, जुने पास त्यांनी रद्द केले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये मॅजिक की नावाने नवे काढले. सगळ्यात वरचा १,३९९ डॉलरला, कुठल्याच दिवशी बंदी नाही असं सांगून. पण जायच्या आधी दिवस बुक करायचा. लोक बुक करायला गेले तर पासवाल्यांसाठीचे दिवस भरलेले आणि त्याच दिवसाची साधी तिकिटं मात्र विकायला असलेली. त्यावर कोर्टात दावा झाला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. एकेकाच्या वाट्याला साधारण ६७ डॉलर. २०२२ मध्ये याच कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की डिस्नीलँडला कोण किती येतंय याचं मिश्रण त्यांना फायद्याचं पडत नाहीये. म्हणजे पासवाले जास्त आणि दिवसाचं तिकीट काढणारे कमी. वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेल्या माणसांबद्दल हे बोलणं! मला तेव्हाही राग आला होता आणि आज आपलीच माणसं तेच बोलताना बघून जास्त आला.

कारण पास महागला की कोण जातं बाहेर? माझी एक मैत्रीण नर्स आहे, एकटी मुलगा वाढवते. त्याला गर्दीचा, आवाजाचा त्रास होतो, म्हणून ती त्याला रात्रपाळीनंतर सकाळी पार्क उघडताना नेते. एकच संथ बोटीची राईड, तीच परत परत, आणि तासाभरात बाहेर. दिवसाचं तिकीट काढून हे कोणी करू शकेल का? वर्षाचा पास आहे म्हणून त्या मुलाला तिथे घाई नसते. पाऊस आला, त्याचं बिनसलं, तर ती सरळ गाडी वळवून घरी येते, पैसे फुकट गेले असं तिला वाटत नाही. हे सुख खरंच मोठं आहे आणि ते पासनेच दिलं आहे. महिन्याचा हप्ता वाढला की ती बाहेर पडणार. चारशे डॉलरवाला कुठेही जात नाही. मग सांगा, फालतू कोण होतं?

हो, जागा मर्यादित आहे, हे मला कळतं. डिस्नीलँड आहे त्या अनाहाइममध्ये चहूबाजूंनी शहर आहे. २०२४ मध्ये तिथल्या नगरपालिकेने वाढीच्या योजनेला मंजुरी दिली, पण ते उभं राहायला वर्षं जातील. कंपनीला नफा हवा हेही कळतं. धर्मादाय संस्था नाहीये ती.

पण मोजता येत नाही असं कोणी सांगू नये. २०२१ च्या एप्रिलअखेर डिस्नीलँड परत उघडलं तेव्हा सरकारी नियमाने क्षमतेच्या २५ टक्केच माणसं आत घेत होते, तीही फक्त कॅलिफोर्नियाची. ज्या मैत्रिणी तेव्हा गेल्या त्या अजून त्याच दिवसांबद्दल बोलतात. २५ टक्क्यांवर धंदा चालत नाही, मान्य. पण आकडा ठरवता येतो आणि पाळता येतो हे तेव्हा दिसलं. टोकियोच्या डिस्नीने २०२० मध्ये वार्षिक पास बंद केले आणि पुढे दिवसाला किती माणसं घ्यायची याची कमाल मर्यादाही खाली आणली. पास बंद करायच्या मी विरोधात आहे, पण त्यांनी आकड्याला हात घातला याचं मला कौतुक आहे. इथेही तेवढंच हवं. डिसेंबरच्या त्या आठवड्याचं तिकीट विकताना समोर लिहा, आज किती माणसं आत घेणार आहोत. सिनेमाच्या तिकिटाला खुर्चीचा नंबर असतो. इथे त्याच्या कितीतरी पट पैसे देऊन माणसाला काय मिळणार ते ठाऊक नसतं.

भाच्याचं पुढे काय झालं ते राहिलं. आम्ही राईडच्या दारापर्यंत पोचलो आणि ती बिघडली. थोडा वेळ थांबवून मग सगळ्यांना बाहेर काढलं. यंत्र आहे, बिघडतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. परत आलात तर त्या राईडला सोडू असं सांगितलं होतं, पण ती सुरू झाली तोवर त्याची धाकटी बहीण झोपली होती आणि त्याच्या आईचे पाय उचलत नव्हते. तो रडला नाही. त्याच्या बाबांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला तर म्हणाला, मी मोठा झालोय, चालतो. गाडीत बहीण हळूच मला म्हणाली, "ताई, जाऊ दे ना, बघायला तर मिळालं." तिने माझी समजूत काढली हे मला सहन झालं नाही.

भारतातून कोणी येणार असेल तर कृपा करून नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा धरू नका, मग पास असो की तिकीट. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा इथल्या शाळा चालू असतात. मेमोरियल डेच्या, म्हणजे इथल्या मेअखेरच्या सुट्टीच्या, आधीचे मंगळवार-बुधवार गाठा. दिवाळीच्या सुट्टीत येत असाल तर नोव्हेंबरातले मधले वार बघा, व्हेटरन्स डेच्या (११ नोव्हेंबरच्या सुट्टीच्या) आसपासचे दिवस सोडून. विमानाचं तिकीट काढायच्या आधी मला मेसेज करा, पार्कचं कॅलेंडर आणि पासवाल्यांच्या बंदीच्या तारखा समोर ठेवून आपण दिवस ठरवू. मुलाची उंचीही तेव्हाच सांगा.