अंतराळातलं पुरुमेंत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यातल्या फोंड्याच्या शहाण्या माणसाने नवीन काही सुरू करू नये. गच्चीवर कोकमाची सोलं वाळत असतात, मिरच्या उन्हात पडलेल्या असतात, आणि पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे बेगमी, भरायच्या नादात घरातल्या प्रत्येक हातपाय असलेल्या माणसाला आई काम लावत असते. नेमक्या याच मुहूर्तावर मी 'नो मॅन्स स्काय' हा गेम विकत घेतला. हेतू उघड होता: या सगळ्यापासून शक्य तितकं लांब जायचं. आणि अंतराळापेक्षा लांब काय असणार?

शिफारस भाच्याची. तो फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकतो. "मामा, ह्यात अख्खं ब्रह्मांड आहे," म्हणाला. हे ब्रह्मांड रचणारी मंडळी इंग्लंडातल्या गिल्डफर्डची, सुरुवातीला अगदी मूठभर. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा 'सांगितलं होतं ते यात नाही' म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. मंडळींनी फारसा वाद घातला नाही, वर्षानुवर्षं फुकटात भर घालत राहिली. इतकी चिकाटी असलेल्या माणसांना चार पैसे द्यायला माझी हरकत नव्हती.

ग्रह किती, तर दोनचा चौसष्टावा घात: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट तांदूळ मागून राजाला बुडवणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट ठाऊक असेलच. त्याच्या एकूण दाण्यांपेक्षा इथे एक ग्रह जास्तच आहे. कुणी बसून हे ग्रह रंगवलेले नाहीत. तुम्ही जवळ गेलात की गणिताचं सूत्र ग्रह उभा करतं. पुन्हा गेलात तरी तोच डोंगर त्याच जागी. आमच्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात कुंपण हातभर सरकलं तरी दोन भाऊ बोलायचे बंद होतात. एवढी मोकळी जागा बघून मला गहिवरून आलं.

यातला माझ्या वाट्याला आलेला पहिला ग्रह विषारी निघाला. डोळे उघडले तर एकटाच उभा, वरून विषाचा पाऊस, यान कुठे दिसेना. अंतराळवीराच्या सूटमधून बोलणारी बाई सारखी इशारे देत होती. स्कॅनर बिघडलेला. तो दुरुस्त करायला फेराइटची पूड हवी, म्हणून दगड फोडा. दगड फोडायच्या यंत्राला कार्बन हवा, म्हणून झाडं जाळा. जास्त वेळ जाळलंत तर यंत्र तापून बंद पडतं. विषापासून वाचायला पिवळ्या झाडांचं सोडियम, श्वासाला लाल झाडांचा ऑक्सिजन. एवढं करून यानापाशी पोचलो तर तेही धूर ओकत पडलेलं. त्याला पूड चालत नाही, शुद्ध फेराइट लागतं. ते करायला भट्टी, आणि भट्टीत घालायला पुन्हा कार्बन. परग्रहावरचे जीव, लेझरच्या लढाया वगैरे भाच्याने जे सांगितलं होतं ते कुठेतरी असेलच. मी वाकून झाडं वेचत होतो.

इतक्यात सूपभर सोलं घेऊन आई खोलीत आली.

"काय जमवतोयस?"

"सोडियम."

"संपलं तर?"

"मरतो."

"मग घरात किती आहे?"

आईने सूप खाली ठेवलं आणि खुर्ची ओढली. मला जो गेम समजायला अर्धी सकाळ लागली, तो तिला एका नजरेत कळला. "ते लाल झाड सोडून कुठे निघालास?" पिशवी भरली म्हणून मी कार्बन टाकायला गेलो तर ओरडली, "टाकू नकोस, लागेल!" पाचच मिनिटांत भट्टीला कार्बन लागला. पुढचा तासभर मी फक्त बटणं दाबत होतो.

मग सूटमधली बाई म्हणाली, वादळ येतंय.

"तिच्याकडे की आपल्याकडे?" आईने विचारलं.

दोन्हीकडे. कवळ्याच्या बाजूने काळं भरून आलं होतं. मी अंतराळवीराला एका गुहेत उभं केलं, कारण गुहेत वादळाची बाधा होत नाही, आणि मिरच्या उचलायला गच्चीवर धावलो. परत येईतो लाईट गेली होती. आली तेव्हा गेमला शेवटची आठवण होती ती यानातून उतरल्याची. त्यानंतरचं सगळं सोडियम गायब. आईच्या चेहऱ्यावर मिरच्या भिजल्याचं दुःख तेवढं नव्हतं.

ग्रहाला नाव मात्र आपल्याला हवं ते देता येतं. इथे जमिनीच्या वन-फोर्टीनच्या उताऱ्यावर नाव चढायला पिढी खर्ची पडते, तिथे एक बटण. आईने आधी देवाचं नाव सुचवलं, मग विषाचा पाऊस बघून मागे घेतलं. शेवटी एका नातेवाइकाचं ठेवलं. कुणाचं, ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी यान एकदाचं उडालं. जमीन खाली गेली, ढग फाटले, आकाश काळं झालं, आणि मधे कुठेही लोडिंगचा पडदा पडला नाही. खोटं कशाला बोलू, माझी बोलतीच बंद झाली. आईची नाही. दर उड्डाणाला पाव टाकी इंधन जातं हे तिने वाचलं होतं. "बघून झालं असेल तर उतर खाली," म्हणाली.

रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, स्पेस स्टेशनला पोचलात?"

"आजी पहिला ग्रह सोडू देत नाही."

आईने फोन घेतला. "पुढच्या ग्रहावर सोडियम आहे?"

"असेल की, आजी."

"असेल म्हणजे? कुणी बघितलंय?"

भाचा गप्प झाला. सूत्राने अजून तो ग्रह उभाच केलेला नव्हता, बघणार कोण? मी मुकाट्याने उजवीकडच्या टेकडीकडे वळलो. तिकडची पिवळी झाडं राहिली होती.