खुलासा : टाकीचा पंप आणि रोजचं बॅकवॉश

मंडळी, पन्हाळा रोडच्या फार्महाऊसवाल्यांत एक मेसेज फिरतोय : 'पोहण्याच्या टाकीला दीड-दोन एचपीचा पंप लावा, रोज बॅकवॉश करा, पाणी काचेसारखं राहील.' तो गेल्या महिन्यात मीच टाकला होता. चुकीचा आहे. (बॅकवॉश म्हणजे फिल्टरमधल्या वाळूतून पाणी उलटं सोडून ती धुणं.)

माझी टाकी 8 बाय 4 मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे 40,000 लिटर. सहा-आठ तासांत सगळं पाणी एकदा फिरवायचं तर तासाला 5,000 ते 6,700 लिटर पुरतात, आणि पाइप आखूड असतील तर पाऊण एचपीचा पंप ते आरामात करतो. पंप फिल्टरच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला, की पाणी वाळूत वाटा पाडून कचऱ्यासकट परत टाकीत येतं. माझ्याकडे तेच झालं. वर वीजबिल!

बॅकवॉशचं तर उलटंच आहे. वाळूत थोडा मळ साचला की ती बारीक कण जास्त चांगले अडवते. रोज धुतली तर पाणीही वाया आणि गाळणही कच्ची. स्वच्छ फिल्टरचा दाब लिहून ठेवा. दाबमापकाचा काटा त्यापेक्षा 8-10 पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की मगच धुवा. बॅकवॉशसाठी व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंद हवा.

आणि हो, पंचगंगेची वाळू चाळून भरू नका. 0.4 ते 0.8 मिलिमीटरची सिलिका वाळूच लागते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या.