एक तारा देणाऱ्या सिस्टरला मालकाचं उत्तर

सिस्टर, नमस्कार.

आमच्या वृद्धाश्रमाला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय पाच-सहा वेळा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी इथे देतो. रात्री ३१ जणांना एक सिस्टर आणि एक मावशी. बारा-बारा तासांची ड्युटी, सुट्टीचं नाव नाही. रजिस्टरमध्ये खोट्या नोंदी कराव्या लागल्या. एक आजी रात्री पडल्या, त्याचा खुलासा तुमच्याकडून लिहून घेतला. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली. पगार तीन महिने थकला. सिस्टरला झोपायला धड खोली नाही आणि मालक मात्र एसीत. शेवटी लिहिलंय, "आपलं माणूस इथं ठेवू नका."

तुम्ही स्वतःचं नाव घातलेलं नाही. मी ओळखलं, पण मीही घालणार नाही. (तुमच्या अभिप्रायानंतर आमच्यावर पाच-पाच ताऱ्यांचा पाऊस पडला, ती माझ्या पुतण्याची आणि त्याच्या मित्रांची करणी. त्यातल्या एकानेही आमच्या फाटकाच्या आत पाय ठेवलेला नाही. काढायला सांगितलं. दोघांनी काढले, बाकीचे रुसून बसलेत.)

जे पटलं नाही ते आधी सांगून मोकळा होतो. पगार तीन महिने थकला नव्हता, एप्रिलचा पगार २२ दिवस उशिरा झाला. बँकेच्या पासबुकात ते दिसेल. तरी तो तुम्हाला चारदा मागावा लागला हे मला आठवतं. आणि माझ्याकडे एसी नाही, कूलर आहे. पण तुमच्या खोलीत तोही नव्हता. दारव्ह्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या खोलीत दिवसभर झोपा आणि रात्री ताज्यातवान्या होऊन ड्युटीवर या, असं म्हणणारा मीच होतो. तेव्हा या मुद्द्यावर वाद घालायला मला तोंड नाही.

बाकी सगळं खरं आहे.

आपल्याकडे तीन सिस्टर होत्या. मार्चमध्ये एकीला नागपूरला काम मिळालं, ती गेली. दुसरी मिळेपर्यंत जरा धकवून घ्या, असं मी तुम्हा दोघींना म्हणालो. आठवड्याचे तास १६८. दोघींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ८४. हा भागाकार मी जूनमध्ये केला, तुम्ही गेल्यावर.

आता रजिस्टरचं. वाचणाऱ्यांना हे माहीत नसेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठ, खुबा, टाच इथे बेडसोर होतात, आणि म्हातारपणी ती जखम लवकर भरत नाही. तेव्हा आपल्याकडे असे अकरा जण होते. कूस द्यायची, ओली चादर बदलायची, उशा लावायच्या, यात दोघींनी मिळून केलं तरी एकेकाला सहा मिनिटं जातात. अकरा जणांची ६६ मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतला तासाहून जास्त वेळ यातच गेला. उरलेल्या ५४ मिनिटांत कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या पिशव्या, दोघांच्या राईल्स ट्यूबची (नाकातून पोटात घातलेल्या नळीची) देखभाल, कुणाला उलटी, कुणाचा बीपी, पहाटेची शुगर. शिवाय आपले ते आबाजी, जे रात्री दोनला उठतात आणि "बैल सोडाचे हायेत" म्हणत फाटक हलवत बसतात. त्यांना परत आणायला एक बाई गेली की कूस द्यायला एकच उरते, आणि सत्तर किलोचा माणूस एकटीला वळत नाही.

तरी रजिस्टरमध्ये बारा, दोन, चार, सहा, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. एकाच पेनने, एकाच तिरप्या ओढीने. सकाळी त्याखाली सही माझी. मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. एका बैलजोडीने दिवसात किती वावर डवरून होतं हे मला कागद-पेन न घेता सांगता येतं. मग त्या खुणा खऱ्या असू शकत नाहीत हे मला कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? कळत होतं. सही केली नसती तर आणखी एक सिस्टर ठेवावी लागली असती.

आजींचा प्रसंग. रात्री तीनच्या सुमाराला लाइन गेली. इन्व्हर्टरवर फक्त ड्युटी रूम आणि औषधांचा फ्रिज होता. तुम्ही पुरुषांच्या बाजूला एकाचं तुंबलेलं कॅथेटर मोकळं करत होता. मावशी अंधारात आबाजींना शोधत होती. इकडे आजी पाण्यासाठी उठल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. १०८ ला फोन तुम्हीच केला, यवतमाळपर्यंत सोबतही तुम्हीच गेलात. आणि परत आल्यावर मी तुमच्यापुढे कागद सरकवला, खुलासा द्या म्हणून. सलग अकरावी रात्र होती तुमची. तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "मी दुसऱ्या बाजूला होते." त्यावर मी "निष्काळजीपणा" असा शेरा मारून फाइलला लावला.

तो शेरा मी लेखी मागे घेतला आहे, त्याची प्रत तुम्हाला पाठवतोय. आजींच्या मुलालाही तेव्हा मी "सिस्टरचं लक्ष नव्हतं" असंच सांगितलं होतं. गेल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. इतके दिवस ते तुमच्यावर रागावले होते, आता माझ्यावर रागावलेत. आजी वॉकर धरून चालतात. तुमची आठवण काढतात.

पगाराबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, ते मीच लिहितो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी तिची शिफारस आहे. मी तुम्हाला ११,५०० देत होतो. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे. हे कुणी काढलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "आपलं रुग्णालय थोडंच आहे, वृद्धाश्रम आहे." पण रस्त्यावर "२४ तास नर्सिंग सुविधा" असा फलक मीच लावलाय. नळी घातलेल्या माणसाचे दरमहा तीन हजार जास्त घेताना मला ते वृद्धाश्रम आहे असं वाटत नव्हतं.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची पद्धत मी दुसऱ्या एका संस्थेत पाहून उचलली. पोरी ए.एन.एम.चा नर्सिंग कोर्स करून येतात, सहा महिन्यांत सरकारी भरतीला जातात, म्हणून हा खुंटा. तो बंद केला. ज्या सध्या कामावर आहेत त्यांची प्रमाणपत्रं परत दिली. त्यानंतर एकही पळाली नाही, याचं खरं म्हणजे मला नवल वाटलं.

आता इथे चौकशी करणाऱ्या घरच्यांसाठी. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री दोन सिस्टर, आठ तासांची पाळी आणि आठवड्याला एक सुट्टी, असं बसवायचं तर सहा सिस्टर लागतात. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, त्यासाठी सातवी. आज आपल्याकडे पाच आहेत. त्यामुळे रात्री अजूनही एकच सिस्टर आहे, सोबत दोन मावश्या. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून नवीन माणसं घेणं थांबवलंय. सध्या २४ जण आहेत, त्यात अंथरुणावरचे सात. राईल्स ट्यूबचा रुग्ण सातवी सिस्टर येईपर्यंत घेणार नाही, कितीही ओळखीचा असला तरी. पगार १८,००० केला, वीस व्हायचा आहे. त्यासाठी महिन्याची फी वाढवली, तर दोन कुटुंबांनी आपली माणसं घरी नेली. त्यातल्या एकांनी फोनवर मला बरंच सुनावलं. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देणार? दिलं नाही.

रजिस्टरमध्ये आता एक रकाना वाढवलाय, "झालं नाही". पहिल्या आठवड्यात तो सगळा रिकामा. कुणाची हिंमतच होईना. मग एका रात्री मी स्वतः मावशीसोबत जागलो आणि पहाटे चारच्या ओळीत पाच जणांपुढे "झालं नाही" लिहून खाली सही केली. त्या दिवसापासून तो भरायला लागला.

तुमचा एक तारा तसाच राहू द्या. तुमची मूळ प्रमाणपत्रं आणि अनुभवाचा दाखला सोमवारी स्पीड पोस्टाने निघतोय. दाखल्यावर सात महिने लिहिलेत. हजेरी बुकात जानेवारीचं एक पान फाटलेलं आहे, तेव्हा तारीख चुकली असेल तर कळवा, दुसरा करून पाठवतो.