‘हो’साठी मोठे वर्तुळ

समजा, नकाशावर नसलेल्या एखाद्या देशाचे आपण राष्ट्राध्यक्ष आहात, आपली मुदत संपत आली आहे आणि राज्यघटना आपल्याला पुन्हा उभे राहू देत नाही. अशा वेळी कच्चा माणूस रणगाडे रस्त्यावर आणतो. आपण तसे करू नये. रणगाड्यांची छायाचित्रे जगभर छापली जातात आणि कर्ज देणारे उगाच चौकशा करू लागतात. आपण संसदेची निवडणूक जाहीर करावी आणि तिच्या जोडीला नव्या घटनेवर सार्वमत घ्यावे. जनतेला विचारून केलेल्या गोष्टीला कोणी हुकूमशाही म्हणत नाही, निदान पहिली काही वर्षे तरी.

सर्वांत आधी प्रश्न नीट लिहून घ्यावा. लोक काय उत्तर देतील या काळजीने झोप उडालेले राज्यकर्ते मुळात प्रश्न लिहिण्यात कमी पडलेले असतात. जनरल झिया उल हक यांनी 19 डिसेंबर 1984 रोजी पाकिस्तानी जनतेला विचारले की, देशाचे कायदे कुराण आणि सुन्नेशी सुसंगत करण्याची, पाकिस्तानची विचारसरणी जपण्याची आणि लोकप्रतिनिधींकडे सुरळीतपणे सत्ता सोपवण्याची जी प्रक्रिया अध्यक्षांनी सुरू केली आहे, ती तुम्हांला मान्य आहे का. या लांबलचक वाक्याला ‘हो’ म्हटले की झिया पाच वर्षांसाठी अध्यक्ष, हे आधीच ठरलेले होते. ‘नाही’ म्हणून घरी परतलेल्या माणसाने आपण नेमके कशाला नाही म्हटले, हे म्हाताऱ्या आईला कोणत्या तोंडाने सांगावे? अधिकृत निकाल सुमारे 98 टक्क्यांचा लागला. उरलेल्यांचे व्याकरण कच्चे असावे.

एका वाक्यात सारे मावत नसेल, तर गाठोडे बांधावे. रशियाने 2020 मध्ये दोनशेहून अधिक घटनादुरुस्त्यांना मिळून एकच उत्तर मागितले. किमान वेतन निर्वाहखर्चाहून कमी नसावे, निवृत्तिवेतन नियमित वाढावे, विवाह स्त्री-पुरुषांचाच असावा, घटनेत देवाचे नाव यावे, अशा भल्याबुऱ्या पुष्कळ गोष्टी त्यात होत्या आणि तळाशी पुतिन यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजू नयेत, हीही एक होती. ज्या आजीबाईंना पेन्शनची वाढ हवी होती, त्यांना पुतिन 2036 पर्यंत घ्यावे लागणार होते. मतदान आठवडाभर चालले, कुठे बागेतल्या बाकावर, कुठे मोटारीच्या डिकीवर. आणि ते संपण्याआधीच दुरुस्त घटनेच्या प्रती पुस्तकांच्या दुकानांत विक्रीला आल्या. मतदारांना निकालाची वाट पाहायला लावू नये, हा विचार यामागे असणार.

मात्र मतपत्रिकेच्या बाबतीत आपण जुन्यांकडूनच शिकावे. 10 एप्रिल 1938 रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रियात राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूक आणि सार्वमत एकाच दिवशी झाले, आणि तेही एकाच कागदावर, एकाच प्रश्नात: ऑस्ट्रियाचे जर्मनीतील विलीनीकरण मान्य आहे का, आणि आमच्या फ्यूरर हिटलरच्या यादीला तुम्ही मत देता का? त्या कागदाच्या मधोमध ‘हो’साठी ऐसपैस वर्तुळ होते आणि बाजूला, ज्याची दृष्टी तीक्ष्ण आणि छाती निधडी असेल त्याच्यासाठी, ‘नाही’चे लहानसे. विरोधाची सोय ठेवली नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. ‘हो’ची टक्केवारी 99 च्या वर गेली.

तारखेसाठी ज्योतिषी गाठण्याची गरज नाही. म्यानमारमध्ये मे 2008 च्या पहिल्या आठवड्यात नर्गिस चक्रीवादळाने लाखाहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, तरीही लष्करी सरकारने 10 मे रोजीचे सार्वमत रद्द केले नाही. ज्या भागांत सर्वाधिक हानी झाली होती तिथे ते 24 मे रोजी घेतले. पण त्यांची मते पडण्यापूर्वीच बाकी देशाचा 92 टक्क्यांचा होकार जाहीरही झाला होता. त्या घटनेने संसदेच्या एकचतुर्थांश जागा लष्कराला राखून दिल्या आणि घटना बदलायला तीनचतुर्थांशाहून अधिक मते लागतील असे ठरवले. संसदेच्या निवडणुकीचा चौथाई खर्च असा वाचतो.

प्रचाराचे तर फारसे मनावर घेऊ नये. थायलंडने 2016 च्या सार्वमतापूर्वी कायदाच केला की, मसुद्याबद्दल खोटे किंवा भडकाऊ काही पसरवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होईल. खोटे काय, हे अर्थातच सरकार ठरवणार.

मतमोजणीत मात्र हात आखडता ठेवावा. लायबेरियाच्या 1927 च्या निवडणुकीत मतदार सुमारे पंधरा हजार असताना अध्यक्ष किंग यांना त्यांच्या कैक पट मते मिळाली आणि त्यांचे नाव आजही विक्रमांच्या यादीत निघते. सद्दाम हुसेन यांनी 2002 मध्ये थेट 100 टक्के घेतले, म्हणजे एकही मतदार त्या दिवशी आजारी पडला नाही. आपण ऐंशीच्या आसपास थांबावे. अझरबैजानने 2013 मध्ये मतदानाच्या आदल्याच दिवशी मोबाईल ॲपवर निकाल दाखवून टाकला, तसा उतावीळपणाही नको.

एवढे करूनही चुका होतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक मराठी वाचकाला घरातल्यासारखी ठाऊक आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची इच्छा होती. जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला! 16 जानेवारी 1967 रोजी ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ अशा दोन साध्या चिन्हांवर लोकांनी मत दिले आणि विलीनीकरण 34,021 मतांनी हरले. दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच लोकांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. म्हणजे मतदाराला वेळ आणि वेगळा कागद दिला, तर तो माणूस एकीकडे आणि प्रश्न दुसरीकडे ठेवतो. आपल्याला नेमके हेच टाळायचे आहे.

नुसता दिवस एक ठेवूनही भागत नाही. हंगेरीत 3 एप्रिल 2022 रोजी संसदेची निवडणूक आणि सार्वमत बरोबरच झाले. तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांच्या पक्षाला दोनतृतीयांश जागा मिळाल्या, पण सार्वमताच्या कागदांवर इतक्या जणांनी मुद्दाम मत बाद केले की ते अवैध ठरले. म्हणून कागदही एकच असावा.

शेवटी पिनोशे. चिलीच्या या जनरलने 1980 मध्ये मतदारयादीविनाच सार्वमत घेऊन नवी घटना मंजूर करून घेतली, तिथपर्यंत त्याचे सारे बरोबर होते. पण आठ वर्षांनी अध्यक्षपदाच्या एकाच नावावर पुन्हा कौल घेण्याची तरतूद त्याच घटनेत होती. 1988 मध्ये ते नाव त्याचेच होते, पण तोवर मतदारयाद्या झाल्या होत्या, विरोधकांना दूरचित्रवाणीवर रोज पंधरा मिनिटे मिळाली आणि 5 ऑक्टोबरला जनरलसाहेब हरले. ती तरतूद घटनेच्या अगदी शेवटी, तात्पुरत्या कलमांत होती. तेव्हा मसुदा छापखान्यात पाठवण्यापूर्वी आपण तो स्वतः, चष्मा लावून, शेवटच्या पानापर्यंत वाचून काढावा. जनतेला मात्र तितका वेळ देऊ नये.