पहिला नंबर 'एक्सपान्स'ला! स्टार ट्रेकवाल्यांनी खुशाल भांडावं

सर्वकालीन सायन्स फिक्शन मालिकांची यादी कुणीही केली तरी वर 'स्टार ट्रेक' नाहीतर 'डॉक्टर हू' ठरलेली. माझ्या यादीत पहिली 'द एक्सपान्स'. 2015 ते 2022, सहा सीझन. तिसऱ्या सीझननंतर मूळ चॅनेलने बंद केली होती, मग अ‍ॅमेझॉनने उचलली.

इथे भांडण पाण्यावरून पेटतं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सीरिसवरचा बर्फ पृथ्वी आणि मंगळवाल्यांनी कधीच ओरबाडून नेलाय. त्या पट्ट्यात राबणाऱ्या माणसांना, म्हणजे बेल्टरांना, पाणी रेशनवर, आणि शनीच्या कड्यांतून बर्फ वाहून आणणारी जहाजं हाच त्यांचा आधार. त्यातलं एक जहाज पहिल्याच भागात उडवलं जातं. पाऊस कमी झाला की नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांचं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडीला सोडायचं की नाही यावरून होणारी आंदोलनं आणि कोर्टबाजी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. अडचण एकच. मी नाशिकचा, बघताना स्वतःला बेल्टर समजत होतो आणि मराठवाड्यातला मित्र म्हणाला, "अरे, धरणं तुमच्या उशाला. तुम्ही पृथ्वीवाले." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शिवाय विज्ञान. जहाज अर्ध्या वाटेवर उलटं फिरतं आणि इंजिन पुढे करून वेग कमी करतं. इंजिन बंद झालं की माणसं तरंगायला लागतात. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या बेल्टरला पृथ्वीवर नुसतं उभं राहणं म्हणजे छळ, आणि पृथ्वीवाले त्याचा छळ म्हणूनच वापर करतात. पुढे प्रोटोमॉलिक्यूल नावाची परक्या जगातली गूढ गोष्ट आल्यावर हे नियम वाकतात, मान्य. पण तेव्हा मालिकेतली माणसंही आपल्याइतकीच चक्रावतात.

दुसरी 'स्टार ट्रेक', 1966 ची मूळ, 79 भागांची. ऐन शीतयुद्धात अमेरिकन टीव्हीवर एकाच यानात कृष्णवर्णीय उहुरा, जपानी वंशाचा सुलू आणि पुढे रशियन चेकॉव बसवणं सोपं नव्हतं. माणसं किरणांतून थेट ग्रहावर उतरतात ना, ती युक्ती सुचली कारण दर आठवड्याला यान उतरवून दाखवायला पैसे नव्हते! पण तिथे पाण्याचं, अन्नाचं बिल कोण भरतं हे कुणी विचारतच नाही. म्हणून दुसरी.

तिसरी 'ट्वायलाइट झोन' (1959-64). तिचा कर्ता रॉड सर्लिंग, त्याची टीव्हीसाठी लिहिलेली वंशद्वेषावरची आधीची नाटकं जाहिरातदारांनी आणि चॅनेलने कापून बोथट केली, तेव्हा त्याने या मालिकेत तेच विषय परग्रहवासीयांच्या तोंडी घातले. कुणाला कळलंच नाही. 156 पैकी 92 भाग एकट्याने लिहिले.

बाकी पटकन. 'डार्क' ही कालप्रवासाची जर्मन मालिका बघताना वही-पेन घेऊन बसा, कोण कुणाचा बाप ते लिहून ठेवावं लागतं. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा शेवट मला अजून पचलेला नाही, नाहीतर ती वर असती. 'ब्लॅक मिरर' सुरुवातीची. 'डॉक्टर हू'ला वयाचा मान, 1963 पासूनची आहे, पण सलग बसून बघवत नाही. 'फायरफ्लाय'वाल्यांनो, 14 भागांवर काय नंबर देणार?

आणि आपण? दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष', मग 'कॅप्टन व्योम'. सगळं हिंदीत. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही, पण विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ मराठीने संमेलनाध्यक्ष केला. त्याच भाषेतल्या चॅनेलांवर रोज संध्याकाळी सासू-सुना.

बजेटचं कारण सांगू नका. 'ट्वायलाइट झोन'चे कितीतरी भाग एक खोली आणि दोन-चार माणसांत उरकलेत. आपल्या नाशिकच्या कालिदास, साईखेडकर नाट्यगृहांत एकांकिका करणारी पोरं याहून कमी सामानात रंगमंच उभा करतात. त्यांच्यातल्या पाच जणांना अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग लिहायला बसवा, पहिला विषय मी फुकट देतो: धरण कुणाचं.